वाचकांचे प्रश्न : दुष्काळात बांधलेला तलाव आज कुणाचा?

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की तुमच्या भागात दुष्काळी कामातून झालेला तलाव, रस्ता, बांध असं काही अजून आहे का, आणि त्याबद्दल तुम्हाला काय विचारायचंय. पत्रं आणि मेसेज भरपूर आले, सगळे छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं न देता फक्त तालुका दिलाय. काही उत्तरं लांबलीत, पण विषयच तसा आहे.

प्रश्न : आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव (पाणी अडवून जमिनीत मुरवणारा तलाव) आहे. आजी सांगते बहात्तरच्या दुष्काळात ती आणि आजोबा त्या कामावर होते, आजोबा खोदायचे आणि ती पाट्या उचलायची. पण तिथे ना बोर्ड ना दगडावर काही कोरलेलं. ग्रामपंचायतीत विचारलं तर "जुना तलाव आहे" एवढंच उत्तर मिळतं. कधी झाला, कुणी केला, हे कुठे कळेल? (माण)

उत्तर : आधी आजीकडे बसा. ऑफिसचे चक्कर नंतर मारा, ते कागद आणखी दोन वर्षांनी पण तिथेच असतील, आजीचं तसं नाही. आणि नुसतं "आजी, तेव्हाचं सांग" म्हटलं की म्हातारी माणसं दोन वाक्यात आवरतात, म्हणून बारीकसारीक विचारा. माती कुठून काढली, कुठल्या कुठल्या गावची माणसं होती, मुकादम कोण होता, मस्टरवर (हजेरीपटावर) अंगठा कधी घ्यायचे, पगार आठवड्याने व्हायचा का पंधरा दिवसांनी, प्यायचं पाणी कोण आणायचं, तान्ही पोरं कुठे ठेवायचे, सुकडी (कामावर वाटायचे ते पौष्टिक खाणं) मिळायची का, रेशनवर ती लाल मिलो ज्वारी यायची तिची भाकरी कशी व्हायची. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. जमलं तर आजीला गाडीवर बसवून बांधावर घेऊन जा, जागेवर गेल्यावर जे आठवतं ते घरात बसून आठवत नाही. बांधाच्या आजूबाजूला मापात खोदलेले चौकोनी खड्डे दिसतील, काही बुजले असतील. त्या चौकड्या. त्या मोजूनच मजुरी ठरायची, आणि खोली मोजता यावी म्हणून मधे मातीचा एक खुंट तसाच सोडायचे.

आता कागद. लहान पाझर तलाव बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे किंवा जलसंधारण विभागाकडे असतात, तिथे तलावाचं रजिस्टर असतं आणि त्यात काम पूर्ण झाल्याचं वर्ष, बांधाची लांबी, साठवण हे मिळायला पाहिजे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात कमी-जास्त पत्रक मागा, तलावात कुठल्या गटाची किती जमीन गेली ते त्यात येतं. तलाठ्याकडे फेरफार बघा. तोंडी विचारून कुणी दाद देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये फी आहे, फक्त अर्जात गावाचं नाव, गट नंबर आणि "तलावाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तक व पूर्णत्वाचा दाखला" असं स्पष्ट लिहा, नाहीतर "माहितीचा बोध होत नाही" असं उत्तर येतं. जुनी मस्टरं मिळतील याची आशा कमी ठेवा, तसले कागद मुदत संपली की नष्ट करतात. म्हणूनच म्हटलं आधी आजी. मस्टरवर तिचं नाव होतं आणि ते मस्टर गेलं असेल, तर ती त्या तलावावर होती याचा पुरावा आता फक्त तिच्याच तोंडून मिळणार आहे.

प्रश्न : बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी नुसती खडी फोडली असं आमचे वडील म्हणायचे. ते म्हणायचे सरकारने लोकांना कामाला लावायचं म्हणून लावलं, त्यातून झालं काहीच नाही. हे खरं आहे का? (सांगोला)

उत्तर : अर्ध खरं आहे, आणि ते अर्ध सुद्धा का तसं झालं हे समजून घ्यायला पाहिजे.

दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. १९७० पासूनच पाऊस दगा देत होता, आणि १९७२ चा पावसाळा गेल्यावर पार कंबर मोडली. विहिरी आटल्या, जनावरं मिळेल त्या भावाने विकली, ज्वारी-बाजरी घरात नाही. त्यावेळी वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. कामं वाढत वाढत १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा आकडा जवळजवळ ५० लाखांवर गेला. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास होती, म्हणजे पोराबाळांसकट धरलं तरी दर दहा माणसांमागे एक माणूस टिकाव-फावडं-पाटी घेऊन सरकारी कामावर होता. एवढी माणसं एकाच वेळी कामावर लावणं हीच गोष्ट प्रचंड होती, आणि त्यामुळे या राज्यात पूर्वीच्या दुष्काळांसारखे हजारो-लाखो भूकबळी पडले नाहीत. लोकांच्या हातात मजुरी आली म्हणून बाजारातनं आणि रेशनवरनं धान्य घेता आलं. त्यामुळे "झालं काहीच नाही" हे मी मान्य करणार नाही. माणसं जगली, हे पहिलं झालेलं काम.

आता खडीचं. खडीच का, तर खडीला काहीच तयारी लागत नाही. दगड आहे, हातोडा आहे, शंभर माणसं आली काय आणि हजार आली काय, बसवता येतात, संध्याकाळी ढीग मोजून ब्रासवर (शंभर घनफुटांच्या मापावर) हिशोब करता येतो. पाझर तलावाचं तसं नाही, त्याला जागा बघावी लागते, सर्वे लागतो, खाली कुठला खडक आहे ते बघावं लागतं, अंदाजपत्रक मंजूर व्हावं लागतं, कुणाची तरी जमीन घ्यावी लागते. लोक दारात उभे असताना हे सगळं पहिल्यापासून करायला वेळ नसतो. म्हणजे दोष खडी फोडणाऱ्याचा तर नाहीच, पण कामावरच्या ओव्हरसियरचा पण नाही. दोष आधीच्या चांगल्या वर्षांचा आहे, जेव्हा कामांचे आराखडे करून कपाटात तयार ठेवायला पाहिजे होते आणि ठेवले नव्हते. पुढे रोजगार हमीच्या, म्हणजे मागेल त्याला सरकारी काम देणाऱ्या योजनेच्या, पद्धतीत हीच गोष्ट आली, की प्रत्येक तालुक्यात मंजूर कामं आधीपासून शेल्फवर पाहिजेत. जिथे आराखडे होते तिथे त्याच दुष्काळात पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, बंडिंग (शेतांची बांधबंदिस्ती) झालं, रस्ते झाले. आणि काही ठिकाणी खडीचे ढीग रस्त्याकडेला तसेच पडून राहिले, ते तुमच्या वडिलांनी बघितलेत आणि त्यांचा राग खरा आहे.

हा राग वाया गेला नाही हे मात्र मुद्दाम सांगतो. विलासराव साळुंखे पुण्यातले इंजिनिअर आणि कारखानदार, त्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरताना त्यांनी माणसं खडी फोडताना बघितली आणि त्यांना प्रश्न पडला की हीच माणसं हेच कष्ट माती आणि पाणी अडवण्यात का घालू शकत नाहीत. त्यातून नायगावला देवस्थानची चाळीसएक एकर पडीक जमीन घेऊन काम सुरू झालं आणि पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या एकरावर नाही तर घरातल्या माणसांवर वाटायचं, आणि जमीन नसलेल्याला पण पाण्याचा वाटा, हा विचार तिथून आला. तसंच सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात, ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळात, रोजगार हमीच्या मजुरांनीच विचारलं की आम्ही वर्षानुवर्षं खडीच फोडायची का, दुष्काळ हटेल असं काम द्या. मुक्ती संघर्ष चळवळीत ती माणसं एकत्र आली आणि येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, त्याचा खर्च भागवायला नदीतली थोडी वाळू विकली. कामावरचा माणूस जेव्हा विचारायला लागतो की मी हे कशासाठी करतोय, तेव्हा कामाची जात बदलते. वडील आज असते तर त्यांना बळीराजा धरण दाखवायला घेऊन जा म्हटलं असतं.

प्रश्न : माझ्या पगारातून दर महिन्याला दोनशे रुपये प्रोफेशन टॅक्स कापतात. ऑफिसमध्ये कुणीतरी म्हणालं तो रोजगार हमीसाठी आहे. खरंच? आणि ही योजना नेमकी आली कुठून, दुष्काळातून का? (पुणे)

उत्तर : खरंच. दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. हा व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा, आणि तो आणलाच मुळी रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराने थोडा पैसा द्यायचा, सरकारने आपल्या तिजोरीतून त्यात भर घालायची आणि खेड्यातल्या ज्याला काम पाहिजे त्याला ते मिळायचं. मला ही या राज्याने केलेली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, आणि शहरात दर महिन्याला ती पगाराच्या स्लिपवर दिसत असून कुणाला माहीत नाही याचं खरंच वाईट वाटतं. तुम्ही विचारलंत, बरं केलंत.

योजनेचा उगम मात्र दुष्काळाच्या आधीचा आहे. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्यातले. गावात जमीन आहे, हात आहेत, आणि तरी वर्षातले कित्येक महिने माणूस रिकामा बसतो, हे त्यांना सहन होत नव्हतं. त्यांनी मुख्यमंत्री नाईकांना ही कल्पना कळवली आणि १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला प्रयोग सुरू झाला. मागेल त्याला काम. मग १९७२ उजाडलं आणि सगळी यंत्रणा दुष्काळी कामांकडे वळली. लोक कामाला येतात, एवढ्या मोठ्या प्रमाणावर कामं चालवता येतात, हे त्या दोन वर्षांत दिसलं. आणि दुसरी एक गोष्ट झाली जी सरकारी इतिहासात कमी सांगतात. कामावर हजारो माणसं एका जागी आली, त्यांचे मोर्चे निघाले, घेराव झाले, मजुरी वाढवा, कामं बंद करू नका. लाल निशाण पक्षासारख्या डाव्या पक्षांनी आणि इतर संघटनांनी तो आवाज उचलून धरला. पाऊस पडला आणि दुष्काळ संपला म्हणून काम मागणं संपलं नाही.

म्हणून १९७७ मध्ये कायदा झाला, विधिमंडळात एकमताने, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी होती, तहसीलदाराने काढलं तर काढलं. कायदा आल्यावर ते मागणाऱ्याचं झालं. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता फार नव्हता, दिवसाला कमीत कमी एक रुपया एवढाच कायद्यात होता, आणि तो सुद्धा मिळवताना लोकांना कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या, पण तहसीलदाराला अर्ज घ्यावाच लागणार हे पहिल्यांदा झालं. कामावर पिण्याचं पाणी, सावली, पहिला उपचार, लहान पोरांना सांभाळायची सोय, हे पण ठरलं. पुढे १९९० च्या सुमाराला याच योजनेतून फळबागा आल्या, आज जिकडेतिकडे डाळिंब-आंबा-बोर दिसतं त्यातल्या कित्येक बागांची पहिली खड्डेखोदाई रोजगार हमीच्या पैशातली आहे. आणि २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा समोर महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

प्रश्न : माझी आई रोजगार हमीवर वर्षानुवर्षं जात होती. आमच्या गावात कामावर बायकाच जास्त दिसायच्या. असं का? (आष्टी)

उत्तर : कारण बाईला दुसरं काम नव्हतं, किंवा होतं ते गड्याच्या निम्म्या मजुरीवर. गडी माणूस उसाला जायचा, शहराकडे जायचा, बाई पोरं आणि म्हातारी माणसं सांभाळून गाव सोडू शकत नव्हती. रोजगार हमीचं काम गावाजवळ, शक्यतो पाच किलोमीटरच्या आत, आणि मजुरी झालेल्या कामाच्या मापावर. चौकडी कुणी खोदली याला दर वेगळा नाही. शेतमालकाच्या बांधावर बाईला जे कधी मिळालं नाही ते सरकारी मापाने मिळालं. आणि आणखी एक, गावातली मजुरी पण त्यामुळे थोडी हलली, कारण मालकाला माहीत असायचं की आपण फारच कमी दिले तर बाया कामावर जातील. तुमच्या आईला विचारा, पगाराच्या दिवशी पैसे तिच्या हातात यायचे का घरच्या गड्याच्या. या एका प्रश्नाचं उत्तर मला प्रत्येक घरातून ऐकायचंय, लिहून पाठवा.

प्रश्न : दौंड-मनमाड रेल्वे दुष्काळात बांधली असं ऐकलं. इंग्रजांच्या काळात पण अशी कामं होती? मग ते आपल्यापेक्षा वाईट कसे? (श्रीगोंदा)

उत्तर : हो, १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात त्या लाईनचं बरंच मातीकाम दुष्काळी मजुरांनी केलं आणि १८७८ मध्ये लाईन सुरू झाली. तुम्ही आज त्या गाडीने जाता तेव्हा रुळाखालचा भराव त्या भुकेल्या माणसांनी टाकलेला आहे. नीरा डावा कालवा त्याच दुष्काळातून कामाला लागला. माण नदीवरचा म्हसवडचा तलाव, ज्याला लोक राजेवाडीचा तलाव म्हणतात, तो पण त्याच वेळचा. म्हणजे कामं टिकाऊ होती, याबद्दल वाद नाही.

वाईट काय ते सांगतो. सर रिचर्ड टेंपल नावाचा अधिकारी दुष्काळाचा खर्च कमी करायला पाठवला गेला होता. त्याने ठरवलं की कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्याएवढी आणि वर चिमूटभर पैसे एवढीच मजुरी पुरे. एक पौंड म्हणजे अर्धा किलो सुद्धा नाही, आणि त्यावर दिवसभर माती वाहायची. शिवाय काम मुद्दाम घरापासून लांब ठेवायचं, म्हणजे जो खरंच मरायला टेकलाय तोच येईल. १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात या मजुरीविरुद्ध माणसांनी कामं सोडली, अक्षरशः उपाशी माणसांनी संप केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारला निवेदनं पाठवली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना सार्वजनिक काका म्हणायचे, ते या कामात पुढे होते. आपल्याकडे दुष्काळी मजुरांच्या लढ्याचा इतिहास सांगायचा तर तो १९७३ च्या घेरावांपासून नाही, तिथून सुरू करावा लागेल.

नंतर १८८० चं दुष्काळ कमिशन आलं, फॅमिन कोड (दुष्काळात सरकारने काय करायचं याचे नियम) झाले, कामांची यादी आधीच तयार ठेवा हे त्यात आलं. यादी तयार ठेवायची हे सांगून एवढी वर्षं झाली आणि १९७२ मध्ये आपण खडीवर आलो, हे मला जास्त लागतं. आणि तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे, तलाव चांगला बांधला का एवढ्यावरनं दुष्काळी काम चांगलं का वाईट हे ठरवू नका, बांधणारा पोटभर जेवला का हे आधी बघा. टेंपलच्या कामांवर ते झालं नाही.

प्रश्न : बाहेरच्या देशात पण असं झालंय का, का हे गरीब देशातच असतं? (नाशिक)

उत्तर : अमेरिकेतच झालंय. १९२९ नंतरच्या मंदीत तिथे बेकारी भयंकर वाढली, तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळात १९३५ ते १९४३ या वर्षांत डब्ल्यूपीए नावाच्या सरकारी कार्यक्रमाने साधारण ८५ लाख लोकांना काम दिलं. रस्ते, पूल, शाळा, बागा, फूटपाथ, विमानतळ. लिहिणाऱ्यांना आणि चित्रकारांना पण काम दिलं. तरुण पोरांसाठी वेगळी योजना होती, त्यांनी जंगलं लावली. तिथेही हीच टीका झाली की लोक फावड्याला टेकून उभे राहतात.

मला त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. त्यांनी बांधलेल्या पुलावर, इमारतीवर, साध्या फूटपाथच्या सिमेंटवर सुद्धा त्या कार्यक्रमाचं नाव आणि वर्ष उठवलं. त्यामुळे आज तिथला माणूस चालता चालता खाली बघतो आणि त्याला कळतं की हे मंदीत झालं. आपल्याकडे बोर्ड लावतात ते उद्घाटन करणाऱ्याचे. ग्रामसभेत ठराव करून गावातल्या दुष्काळी तलावावर "१९७२-७३ च्या दुष्काळात अमुक अमुक गावच्या मजुरांनी बांधला" एवढी एक ओळ दगडावर कोरून लावायला फार खर्च नाही. माणच्या वाचकाने हे नक्की करावं, आजी असताना करावं.

प्रश्न : आमची सव्वा दोन एकर जमीन दुष्काळात तलावात गेली. आजोबांना तेव्हा सांगितलं गावाचं काम आहे, सही करा, पैसे नंतर मिळतील. पैसे मिळाले नाहीत. सातबारावर अजून आमचंच नाव आहे. आता काही होतं का? (जत)

उत्तर : अशी पत्रं एक-दोन नाहीत, बरीच आलीत. घाईत काम सुरू करायचं होतं, भूसंपादनाची प्रक्रिया लांब, म्हणून संमती किंवा ताबा पावती घेऊन काम सुरू केलं आणि पुढची फाईल तशीच राहिली. दुष्काळी कामाची ही सगळ्यात अन्यायाची बाजू आहे, गावाला पाणी मिळालं आणि ज्याची जमीन गेली तो मात्र कोरडा राहिला.

पहिलं, भूसंपादनाचा निवाडा (भरपाई ठरवणारा सरकारी आदेश) झाला होता का ते शोधा. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन शाखेत माहिती अधिकारात गट नंबर देऊन विचारा. निवाडा झाला असेल तर पैसे कुणाच्या नावाने जमा झाले ते कळेल. निवाडा झालाच नसेल आणि सातबारा तुमच्या नावावर असेल तर तुमची बाजू उलट बळकट आहे. दुसरं, भूमी अभिलेखकडून मोजणी करून नक्की किती क्षेत्र पाण्याखाली आणि बांधाखाली आहे ते नकाशावर आणा. तिसरं, तलाव ज्या विभागाकडे आहे त्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी मागणी करा, पोच घ्या.

"एवढ्या वर्षांनी आलात" असं म्हणून परत पाठवतील. घाबरू नका. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातल्या विद्या देवी यांच्या केसमध्ये, ज्यात जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी प्रक्रिया न करता घेतली होती, सरकारला उशिराचं कारण पुढे करू दिलं नाही आणि भरपाई द्यायला लावली. तुमची केस तशीच लागू होईल असं मी इथून सांगू शकत नाही, त्यातले कागद बघावे लागतील, म्हणून भूसंपादनाच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाला सगळी फाईल दाखवा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. आणि कृपा करून टक्क्यावर काम करून देतो म्हणणाऱ्या एजंटाला मूळ कागद देऊ नका.

प्रश्न : आमचा पाझर तलाव गाळाने भरलाय, जानेवारीतच कोरडा पडतो. गावातले म्हणतात बाद तलाव आहे, सांडवा उंच करून जास्त पाणी साठवू. काय करावं? (पारनेर)

उत्तर : सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला, हात लावू नका, हे सगळ्यात आधी. बांधाची उंची आणि सांडव्याची पातळी यांच्यात ठेवलेलं अंतर हे पुराच्या पाण्यासाठी असतं. सांडवा दोन फूट चढवला की मोठ्या पावसात पाणी बांधावरून जातं, आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध राहत नाही, खाली वस्ती असेल तर विचार करा.

जानेवारीत कोरडा पडतो म्हणून बाद म्हणू नका. पाझर तलाव पाणी दाखवायला नसतो, मुरवायला असतो. खालच्या बाजूच्या विहिरींचं पाणी किती महिने टिकतं ते बघा, पाच-सहा विहिरींची पातळी दर महिन्याला दोरी टाकून मोजा आणि वहीत लिहा. विहिरी मार्चपर्यंत चालत असतील तर तलाव त्याचं काम करतोय. उलट गाळ बसल्यावर बारीक माती तळ लिंपून टाकते, मग तलावात पाणी उन्हाळ्यापर्यंत दिसतं, वाफ होऊन जातं आणि विहिरी मात्र कोरड्या. तसं असेल तर गाळ काढायची खरी गरज. आणि पाणी बांधाच्या पायथ्यातून गढूळ येत असेल तर ते मुरणं नाही, ती गळती आहे, बांध आतून माती सोडतोय, लगेच विभागाला लेखी कळवा. तुमच्याच तालुक्यात राळेगणसिद्धीला सरकारी पाझर तलाव गळत होता, पाणी थांबत नव्हतं, गावाने श्रमदान करून तो दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना पाणी आलं, तिथून त्या गावाचं पुढचं सगळं सुरू झालं. जाऊन बघून या, लांब नाहीये.

गाळासाठी "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही राज्याची योजना २०१७ पासून आहे, ग्रामपंचायतीने ठराव करून मागणी करायची, शेतकऱ्यांनी गाळ आपल्या खर्चाने वाहून न्यायचा अशी तिची मूळ पद्धत. आताचे नियम आणि अनुदान तालुक्याला जलसंधारणच्या ऑफिसात विचारून घ्या. गाळ काढताना फक्त गाळच काढा, खाली मुरूम लागला की थांबा, आणि बांधाच्या पायथ्यापासून लांब राहा, जेसीबीवाला सोपं पडतं म्हणून बांधाजवळच सुरू करतो आणि पायथा उघडा पडतो. किती अंतर सोडायचं ते विभागाच्या इंजिनिअरला जागेवर आणून चुन्याने आखून घ्या.

बाकी कामं गाव स्वतः करू शकतं. बांधावर वाढलेल्या वेड्या बाभळी लहान असतानाच उपटा, मोठ्या झाल्यावर तोडल्या तर मुळं कुजून आत पोकळ्या होतात, त्यामुळे मोठी झाडं तोडायची असतील तर इंजिनिअरला विचारून. उंदरांची आणि खेकड्यांची बिळं चिकण मातीने ठासून भरा. आतल्या बाजूच्या पिचिंगचे (बांधाच्या उतारावर बसवलेले) दगड लोक घराच्या पायाला नेतात, ते थांबवा, आणि निखळलेले परत बसवा. सांडव्याच्या तोंडाशी झुडपं, माती, कुणी घातलेला गोठा असं काही असेल ते पाऊस सुरू व्हायच्या आत काढा. हे सगळं दरवर्षी कुणी करायचं ते नावानिशी ग्रामसभेच्या वहीत लिहा, कारण कागदावर तलाव विभागाचा असला तरी मे महिन्यात बांधावर चक्कर मारायला विभागाचा माणूस येत नाही, गावचाच जावा लागतो.